एकच डायक्लोफेनॅक, पण ट्यूब वेगळी आणि गोळी वेगळी

झिजेच्या गुडघेदुखीने बेजार झालेली माणसं औषधाच्या दुकानात येतात ती बहुतेकदा मनात एक गोष्ट पक्की करूनच: जेल म्हणजे वरवरची मलमपट्टी आणि गोळी म्हणजे खरं औषध. दोन्हींवर नाव मात्र एकच, डायक्लोफेनॅक. त्यामुळे कुणी आठवडाभर जेल लावायचाही धीर न धरता थेट गोळी मागतं, तर कुणी लवकर आराम पडावा म्हणून दोन्ही एकदम सुरू करतं. ही गल्लत फार्मासिस्टने तिथल्या तिथे दूर केली पाहिजे. डॉक्टरांपर्यंत पोचण्याआधी गुडघा कितीतरी वेळा औषधाच्या दुकानातच येतो.

औषधाचं काम दोन्हीकडे सारखंच. दाह आणि वेदना वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं शरीरात तयार होतात, त्यांची निर्मिती डायक्लोफेनॅक रोखतं. पण हीच द्रव्यं जठराचं अस्तर सांभाळतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवून धरतात. गोळी रक्तात मिसळून सगळीकडे फिरते, त्यामुळे ती गुडघ्यासोबत तिथलं कामही रोखते. अल्सर, रक्तस्राव, चढलेला रक्तदाब, मूत्रपिंडावरचा ताण, हे सगळं तिथून येतं. हृदयविकार असलेल्यांना तर डायक्लोफेनॅकची गोळी टाळायलाच सांगतात.

जेल त्वचेतून आत झिरपतं. गुडघा त्वचेच्या अगदी जवळ असल्याने ते तिथे पोचतं. खुबा खोलवर असतो, म्हणून खुब्यावर जेल चोळून फारसं काही हाती लागत नाही. १ टक्क्याचं जेल एका गुडघ्याला ४ ग्रॅम, असं दिवसातून ४ वेळा लावलं, तरी रक्तात उतरणारं औषध ५० मिलिग्रॅमच्या ३ गोळ्यांच्या तुलनेत साधारण ६ टक्केच असतं. म्हणूनच ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत गुडघ्यासाठी आधी लावायचं औषध सुचवलं आहे. ते पुरेसं पडलं नाही किंवा चाललं नाही, तरच गोळीचा विचार करायचा, तोही कमीत कमी मात्रेत, कमीत कमी दिवस आणि पोट सांभाळणारं औषध जोडीला देऊन.

जेलने चमत्कार होतो असं मात्र नाही. ६ ते १२ आठवड्यांच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा डायक्लोफेनॅक लावणाऱ्या दर १० जणांपैकी ६ जणांचं दुखणं निम्म्याने तरी कमी झालं होतं. औषध नसलेलं जेल लावणाऱ्यांत हा आकडा ५ होता. फायदा बेताचा, पण त्यासाठी मोजावी लागणारी किंमतही लहान. माझ्या मते तरी गुडघ्यासाठी सुरुवात इथूनच व्हावी.

जेल ‘लागू पडत नाही’ म्हणणाऱ्यांना मी आधी एकच विचारते, लावता कसं? बहुतेक जण दुखतं तिथे बोटभर लावतात, तेही आठवण झाली की. ४ ग्रॅम म्हणजे बरंच जेल असतं. ते गुडघ्याच्या पुढे, मागे आणि दोन्ही बाजूंना हलक्या हाताने पसरायचं, नंतर हात धुवायचे, तासभर पाय भिजवायचा नाही, वरून शेकायचं नाही आणि घट्ट पट्टी बांधायची नाही. पूर्ण गुण यायला आठवडा लागू शकतो. नुसतं थंड किंवा गरम वाटायला लावणारं मेंथॉलचं मलम ही वेगळीच वस्तू आहे, ती यात मोजू नये.

गोळी मागणाऱ्याला विचारायचे प्रश्न वेगळे. ‘काका, बीपीची गोळी चालू आहे का? लघवी जास्त होण्याची? रक्त पातळ करणारी?’ रक्तदाबाची काही औषधं, लघवीची गोळी आणि वेदनाशामक गोळी हे त्रिकूट एकत्र आलं की मूत्रपिंड अचानक कोलमडू शकतं. रक्त पातळ करणाऱ्या औषधासोबत रक्तस्रावाची भीती वाढते. अंगदुखीसाठी घरात पडलेल्या गोळीत आयबुप्रोफेन असेल, तर एकाच जातीची दोन औषधं पोटात जातात, आणि घेणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. अॅस्पिरिनने दमा उसळणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी जेलसुद्धा विचारल्याशिवाय वापरू नये.

औषध कोणतंही असो, मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम आणि वजन जास्त असल्यास ते उतरवणं यांची जागा ते घेत नाही. हे सांगायला दोन मिनिटं पुरतात, दुकानात गर्दी असली तरी.

आणि काही गुडघ्यांना जेलही द्यायचं नसतं आणि गोळीही. गुडघा लाल, गरम, सुजलेला आणि सोबत ताप, पडल्यानंतर पाय टेकवत नाही, सांधा मध्येच अडकतो, किंवा सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासापेक्षा जास्त टिकतो, असं काही ऐकलं तर औषध बाजूला ठेवून त्यांना डॉक्टरांकडे पाठवायचं. पहिल्या दोन बाबतींत त्याच दिवशी.