स्पीडवे ट्रॅकचा पृष्ठभाग

स्पीडवे म्हणजे ब्रेक नसलेल्या मोटारसायकलींची लंबगोल ट्रॅकवरची शर्यत. एक फेरी साधारण २६० ते ४२५ मीटरची; चार स्वार, चार फेऱ्या, सगळी वळणे डावीकडची. ५०० सीसीचे एक सिलिंडरचे इंजिन मेथॅनॉलवर चालते. वळणावर स्वार मागचे चाक मुद्दाम घसरवतो, पुढचे उलट्या बाजूला धरतो आणि पोलादी तळ लावलेला डावा बूट जमिनीला घासत गाडी फिरवतो. वेग आवरायला त्याच्या हाती एक्सिलेटर असतो आणि चाकाखाली माती. म्हणून या खेळात माती हा गाडीचाच एक भाग धरावा लागतो.

ट्रॅकचे थर दोन. खाली घट्ट दाबलेला पाया, वर काही सेंटिमीटर जाडीचा सुट्या दाण्यांचा थर. ग्रॅनाइट, शेल (पापुद्र्यांचा मऊ खडक), विटांचा चुरा किंवा तत्सम दाणेदार साहित्य नियमांत बसते. ते पाणी मारून, रोलर फिरवून बसवतात, पण डांबर-सिमेंटने बांधत नाहीत. मागचे चाक हा थर थोडा उकरते आणि त्या दाण्यांना रेटा देऊन गाडी पुढे झेपावते. थर दगडासारखा झाला तर चाक जागीच फिरते. पोकळ राहिला तर चर पडतात, आणि घसरत्या चाकाला चरात अचानक पकड मिळाली की पुढचे चाक उचलले जाऊन स्वार फेकला जातो.

ऑस्ट्रेलियात वेस्ट मेटलंड येथे १५ डिसेंबर १९२३ रोजी झालेल्या शर्यतीपासून या खेळाची सुरुवात मानण्याचा प्रघात आहे. १९ फेब्रुवारी १९२८ च्या हाय बीच येथील शर्यतीनंतर तो ब्रिटनभर पसरला. तिथल्या सुरुवातीच्या ट्रॅकवर कोळशाची जळकी खंगरे पसरत. ती स्वस्त होती, पाणीही झटकन निचरायचे. पण पडलेल्या स्वाराच्या कातडीत रुतून बसायची. पुढे लाल शेल आणि ग्रॅनाइटची बारीक खडी आली.

साहित्य निवडताना दगडाचे नाव विचारण्याआधी दाण्याचा आकार पाहावा. नदीची वाळू गोलसर असते, चाकाखाली मोहरीसारखी पळते. क्रशरवर फोडलेल्या दगडाला कोपरे असतात आणि ते एकमेकांत अडकतात. दाण्यांना धरून ठेवायला थोडी चिकणमाती लागते, आणि त्या मातीला काम करायला पाणी. या तिन्हींचा मेळ बसलेल्या अवस्थेला शेतकरी वाफसा म्हणतो. स्पीडवेच्या माणसांची सारी धडपड शर्यतीचे दोन-तीन तास ट्रॅकवर वाफसा टिकवण्यासाठी असते. याहून नेमका शब्द या कामाला सापडणार नाही.

कोल्हापूर परिसरात असा ट्रॅक करायचा तर काळ्या पाषाणाची कच, म्हणजे क्रशरवर निघणारा बारीक चुरा, हा पहिला पर्याय. ती टणक आणि धारदार असते, खडीच्या खाणींवर सहज मिळते. मुरूम पायाला उत्तम, वरच्या थराला नाही. चाकांखाली भरडून त्याचे पीठ होते आणि धूळ उठते. विटांचा चुरा पाणी धरून ठेवतो आणि सावकाश सोडतो, ही मोठी सोय. पण कच्च्या भाजलेल्या विटा टिकत नाहीत. चिकणमातीसाठी नदीकाठच्या काळ्या रानातली माती आणू नये. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. त्यापेक्षा पन्हाळ्याकडच्या जांभ्याची तांबडी माती बरी, कारण ती फारशी फुगत नाही. तीही हात राखूनच मिसळावी. चिकणमाती नंतर वाढवता येते, काढता येत नाही.

मिश्रण तपासायला काचेची बरणी पुरते. अर्धी बरणी मिश्रण, वर पाणी, जोराने हलवून ठेवून द्यायची. कच लगेच तळाशी बसते, पोयटा मागाहून, आणि चिकणमाती पाणी कितीतरी वेळ गढूळ ठेवते. दुसऱ्या दिवशी थर मोजता येतात. ओलावा पाहायला मूठ. मूठभर माती दाबावी. बोटांतून पाणी आले तर ओल जास्त, मूठ उघडताच भुगा झाला तर कमी. गोळा टिकला आणि अंगठ्याने दाबताच दोन-तीन तुकड्यांत फुटला, की रोलर फिरवावा.

तालमीत वाढलेल्याला ही मूठ शिकवावी लागत नाही. कुस्तीच्या हौद्यातली तांबडी माती ताक, तेल, लिंबू, हळद घालून मळतात, रोज फावड्याने उकरतात. चार दिवस दुर्लक्ष झाले की ती पाठ सोलते. कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानातल्या हौद्यातली माती आणि स्पीडवेची कच एकमेकांच्या जागी चालणार नाहीत, पण दोन्हींची मशागत एकाच जातीची आहे.

मशागत चुकली तर काय होते, ते १८ एप्रिल २०१५ रोजी पोलंडमध्ये वॉर्साच्या राष्ट्रीय स्टेडियमवर दिसले. तिथे ग्रां प्रीसाठी, म्हणजे जागतिक अजिंक्यपदाच्या मालिकेतल्या स्पर्धेसाठी, तात्पुरता ट्रॅक टाकला होता. ट्रॅक उखडत गेला, शर्यत सुरू करून देणारे गेटही नीट चालेना, आणि बाराव्या शर्यतीनंतर स्पर्धा थांबवावी लागली. तात्पुरत्या ट्रॅकला मुरायला वेळ मिळत नाही. कायमच्या ट्रॅकवर महिनोन् महिने पाणी, रोलर आणि पाऊस यांनी थर एकजीव झालेला असतो.

शर्यतीच्या दिवशी आतली बाजू लवकर गुळगुळीत होते, कारण चाके सुटी माती बाहेर फेकतात. ती बाहेरच्या कुंपणालगत साचते. जाणते स्वार उत्तरार्धात तिकडूनच गाडी काढतात. वाट लांबची, पण चाकाला तिथे पकड मिळते. थोड्या थोड्या शर्यतींनंतर ट्रॅक्टर फळी लावून ती माती पुन्हा आत ओढतो, मागून टँकर हलके पाणी शिंपडतो आणि पुढचे चौघे गेटवर येतात.