आडनाव, पत्ता आणि केसपेपर: दवाखान्यातल्या भेदभावाची पार्श्वभूमी

कोविडमध्ये आमच्या चाळीत एकच ऑक्सिमीटर होता, तो दारोदार फिरायचा, बोट घालायचं आणि आकडा ९४ च्या वर दिसला की घरातल्यांचा जीव भांड्यात पडायचा. २०२० च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एक अभ्यास छापला. यंत्र ९२ ते ९६ दाखवतंय पण रक्त तपासलं तर ऑक्सिजन ८८ च्याही खाली, असं गोऱ्या पेशंटच्या तपासण्यांत ३.६ टक्के वेळा घडलं आणि काळ्या पेशंटच्या तपासण्यांत ११.७ टक्के वेळा. यंत्र कातडीतून उजेड सोडून मोजतं, त्यामुळे गडद रंगावर चुकतं, आणि हे १९९० च्या एका अभ्यासातही आलं होतं, म्हणजे तीस वर्षं हातात असून कुणी मनावर घेतलं नाही!

भेदभावाने तब्येत बिघडते हे ज्याच्या वाट्याला येतं त्याला कायमच माहीत असतं, पण संशोधन म्हणून त्याच्याकडे फार उशिरा बघितलं गेलं. अमेरिकेत सरकारी पातळीवरचा पहिला मोठा रिपोर्ट १९८५ चा. मग २००३ मध्ये तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने दाखवलं की उत्पन्न आणि विमा सारखा धरला तरी अल्पसंख्याकांना उपचार कमी दर्जाचे मिळतात. मला हाच मुद्दा सगळ्यात मोठा वाटतो, कारण आपल्याकडेही "अहो, सगळा पैशाचा प्रश्न आहे" म्हणून विषय मिटवतात.

मुंबईत तर ही गोष्ट फार जुनी आहे. १८९६ मध्ये मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, पुढच्या वर्षी साथरोग कायदा आला, घरझडत्या, माणसं उचलून नेणं सुरू झालं आणि सगळ्यात जास्त बोट दाखवलं गेलं ते गरिबांच्या वस्त्यांकडे. पारशी, जैन, भाटिया अशा समाजांनी आपापली प्लेगची हॉस्पिटलं उभी केली, तिथे निदान आपली माणसं शेजारी असायची. ज्यांच्या समाजाकडे पैसा नव्हता त्यांना सरकारी हॉस्पिटल, आणि तिथे गेलेला परत येत नाही ही भीती इतकी होती की ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या हॉस्पिटलवरच हल्ला केला (आजचं कस्तुरबा). त्यांना अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे, मला तसं म्हणवत नाही. बरं, भारतीय डॉक्टरही यातून सुटले नव्हते. सरकारी मेडिकल कॉलेजात वरच्या जागा इंग्रजांच्या, म्हणून १९२६ मध्ये जीएस मेडिकल आणि केईएम सुरू झालं तेव्हा देणगीदारांची अटच होती, शिकवणारे भारतीयच हवेत.

जात आणि धर्म मात्र अभ्यासात यायला आणखी कितीतरी वर्षं गेली. २०२२ मध्ये नऊ राज्यांचा (त्यात महाराष्ट्र नाही) एक अभ्यास आला, सवर्ण हिंदूंपेक्षा आदिवासींचं सरासरी आयुष्य चार वर्षांहून कमी, दलितांचं तीन वर्षांहून कमी, मुस्लिमांचं साधारण एक वर्ष कमी, आणि यातला निम्म्याहून कमी फरक गरिबीने समजावता येतो. मुंबईपुरतं बोलायचं तर 'सेहत' या संस्थेने २०१३ मध्ये इथल्या दवाखान्यांतल्या धर्माधारित भेदभावावर अभ्यास केला, त्यात मुस्लिम बायकांनी बुरख्यावरून, मुलांच्या संख्येवरून ऐकावे लागणारे टोमणे सांगितले.

तो वाचला तेव्हा मला एका ओपीडीतली सकाळ आठवली. आईला घेऊन रांगेत होतो, पुढे गोवंडीहून (मुंबईतली गरीब, मुस्लिमबहुल वस्ती) आलेली एक बाई, कडेवर पोर. खिडकीवर नाव आणि पत्ता सांगितला तसा आतला आवाज चढला, आत डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "हे कितवं?" दोन मिनिटांत ती बाहेर आली आणि कागद माझ्यापुढे धरून म्हणाली, भाऊ, काय लिहिलंय बघा ना. तीन दिवस ताप होता तिला. केसपेपरवर दोन गोळ्यांची नावं होती, ताप किती ते लिहिलेलंच नव्हतं.