बालकांचा वाचा व भाषाविकास

जन्मापासून साधारण पाच-सहा वर्षांपर्यंत मूल ऐकलेले समजून घेण्याची, ध्वनी उच्चारण्याची आणि वाक्ये रचण्याची क्षमता टप्प्याटप्प्याने मिळवते. त्या प्रक्रियेस वाचा व भाषाविकास म्हणतात. यात वाचा वेगळी, भाषा वेगळी. ध्वनी तोंडातून नीट निघणे ही वाचा. अर्थ कळणे आणि सांगता येणे ही भाषा. बोबडे बोलणाऱ्या मुलाची भाषा वयाला साजेशी असू शकते, तर स्वच्छ उच्चारांच्या मुलाला दोन शब्द जोडताना अडू शकते. घरचे लोक ‘बोलायला लागला का?’ एवढेच विचारतात, पण पहिल्या शब्दाच्या कितीतरी आधी काम सुरू झालेले असते.

गर्भातच श्रवण सुरू होते, आणि नवजात बाळ आईचा आवाज इतर आवाजांतून ओळखते. जेनेट वर्कर व रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये इंग्रजी घरांतल्या तान्ह्या मुलांना हिंदीतले दंत्य ‘त’ आणि मूर्धन्य ‘ट’ ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक मुलांना फरक कळला. वर्षाच्या उंबरठ्यावरच्या मुलांना जवळपास कळेनासा झाला. म्हणजे मूल घरच्या भाषेला कान लावते आणि न लागणारे भेद सोडून देते. मात्र नुसता आवाज कानावर पडून भागत नाही. पॅट्रिशिया कूल व सहकाऱ्यांच्या २००३ च्या प्रयोगात नऊ महिन्यांची अमेरिकी बाळे समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून चिनी ध्वनिभेद शिकली. तेच चित्रफितीवर दाखवले तेव्हा शिकली नाहीत.

दोन-तीन महिन्यांत हुंकार येतात, सहा ते दहा महिन्यांत ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी अक्षरमाळ. वर्षाच्या आसपास पहिला अर्थपूर्ण शब्द येतो. त्याच सुमारास मूल बोट दाखवते, आणि हे बोट दाखवणे पहिल्या शब्दाइतकेच महत्त्वाचे, कारण ‘तूही बघ’ असे ते त्यातून सांगत असते. सुरुवातीला प्रत्येक चार पायांचा प्राणी ‘भूभू’ असतो. दोन वर्षांपर्यंत सहसा पन्नासाहून अधिक शब्द आणि ‘आई ये’, ‘दूध नको’ अशी दोन शब्दांची जोडणी अपेक्षित असते. समजणाऱ्या शब्दांची संख्या त्याहून बरीच मोठी असते.

यानंतरच्या चुका विशेष पाहण्याजोग्या आहेत. आधी ‘बाबा गेले’ असे बरोबर बोलणारे मूल काही महिन्यांनी ‘बाबा जाले’, ‘मी करलं’ म्हणू लागते. ही पीछेहाट नव्हे. ‘बसला’, ‘पळाला’ यांतला नियम त्याला सापडला आहे आणि मूल तो नियम सगळीकडे लावत आहे. असे रूप मोठ्यांच्या तोंडून त्याने ऐकलेले नसते. जीन बर्को यांनी १९५८ मध्ये काल्पनिक प्राण्यांना निरर्थक नावे देऊन हेच दाखवले: लहान मुलांनी त्या कधीच न ऐकलेल्या नावांपैकी अनेकांची अनेकवचने बरोबर केली. भाषा केवळ अनुकरणाने व शाबासकीने येते, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांचे मत भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी १९५९ मध्ये खोडून काढले. तरी जन्मजात क्षमता किती आणि सहवास किती, हा वाद मिटलेला नाही.

उच्चारही समजेच्या मागून येतात. ‘गाडी’ला ‘गाली’ म्हणणाऱ्या मुलाला ‘गाली हवी?’ असे विचारून पाहावे. ते चिडून ‘गाली नाही, गाली!’ म्हणते. कानाला फरक कळतो, जीभ अजून वळत नाही. ‘काका’चे ‘ताता’ लवकर सुटते, ‘र’ला वेळ लागतो. चार वर्षांच्या मुलाचे बहुतेक बोलणे परक्या माणसालाही कळायला हवे.

‘मुलगे उशिराच बोलतात’ हे वाक्य फार सैल वापरले जाते. उशिरा बोलणारी बरीच मुले पुढे बरोबरी गाठतात, हे खरे. पण सगळी नाही. शाळेत जाण्याच्या वयाच्या सुमारे ७ टक्के मुलांत दुसरे उघड कारण नसताना भाषेची अडचण टिकून राहते. वर्ष उलटूनही बोट दाखवणे वा हातवारे नसणे, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसणे, दोन वर्षांनंतरही शब्द न जोडणे आणि कोणत्याही वयात आलेले बोलणे जाणे, ही तपासणीची कारणे होत. शब्द कमी पण समज व खाणाखुणा चांगल्या, ही त्या मानाने आशादायक स्थिती. पहिली चाचणी कानांची करावी. मोठ्या आवाजाला दचकणारे मूलही सौम्य बहिरे असू शकते. घरात दोन भाषा असल्याने भाषेची अशी अडचण होत नाही, त्यामुळे एक भाषा बंद करण्याचा सल्ला निराधार आहे.

दोन ते पाच वर्षांदरम्यान काही मुले शब्दांच्या आरंभी अडखळू लागतात. बहुतेकांचे हे तोतरेपण आपोआप जाते. टिकले, वाढले किंवा मूल बोलणेच टाळू लागले, तर वाचोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. ‘सावकाश बोल’ असे टोकण्याऐवजी त्याचे वाक्य पूर्ण होऊ द्यावे.