शेवटची डीव्हीडी फिकी निघत नाही

लग्नाच्या डीव्हीडी घ्यायला दारव्हा-आर्णीकडच्या स्टुडिओत कुणी आलं की हे वाक्य ठरलेलं: "भाऊ, पयली कॉपी मले द्या, मांगच्या फिक्या निघतात." समजूत व्हीएचएस कॅसेटच्या काळातली, आणि तेव्हा ती खरीच होती. कॅसेटवरून कॅसेट उतरवली की दर वेळी रंग उडायचे, खरखर वाढायची.

डीव्हीडीवर मात्र आकडे लिहिलेले असतात. सोबत चूक-दुरुस्तीचा जादा मजकूरही असतो, त्यामुळे बारीक ओरखडा पडला तरी प्लेअर मूळ आकडे जुळवून घेतो. लग्नाच्या तयार व्हिडिओची एकदाच आयएसओ फाइल (डिस्कवरचा सगळा मजकूर एकाच फाइलीत) बनवायची आणि तीच पन्नास डिस्कवर उतरवायची. पहिली नि पन्नासावी यांतला मजकूर तंतोतंत तोच. दर कॉपीला प्रोजेक्ट नव्याने रेंडर करणारे, म्हणजे संगणकाकडून अख्खा व्हिडिओ पुन्हा तयार करून घेणारेही आहेत. लोडशेडिंगच्या गावात ही हौस कशाला, कळत नाही.

मग चित्र धूसर का? बहुतेकदा हावरेपणामुळे. साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतं, संगणक मोजण्याच्या वेगळ्या पद्धतीमुळे तेच ४.३८ च्या आसपास दाखवतो. हळद, लग्न, स्वागत असे चार तास त्यात कोंबले की बिटरेट, म्हणजे दर सेकंदाच्या चित्राला मिळणारा मजकूर, घसरतो आणि उडत्या अक्षतांच्या जागी चौकोन नाचतात. हा दोष सगळ्या कॉप्यांत सारखाच, पहिलीतसुद्धा.

एखादीच कॉपी अडकत असेल, तर हलकी डिस्क, फार वेगात केलेलं बर्निंग किंवा वाकडं चिकटवलेलं स्टिकर तपासा. मे महिन्यात जीपच्या डॅशबोर्डवर ठेवलेली डिस्क तर उन्हानेच खराब होते.