गिरणीवास्तूचे हॉटेल

जुन्या गिरणीची इमारत न पाडता तिच्यात उपाहारगृह, समारंभाचे दालन किंवा राहण्याचे हॉटेल थाटण्याचा प्रकार. पुण्यात गिरणी म्हटले की आधी कोपऱ्यावरची पिठाची आठवते. इथे अर्थ कापडाच्या गिरणीचा. युरोपातल्या जुन्या गिरण्या वाहत्या पाण्यावर चालत, म्हणून त्या नदीला चिकटून असतात. मुळा-मुठेला तसा जोर पावसाळ्यापुरताच. इथे कापडगिरणी आली ती वाफेवर, आणि पुण्यात १८५८ मध्ये पोहोचलेल्या आगगाडीच्या आधाराने. पुणे स्टेशनजवळची राजा बहादूर मिल हे शहरातले ठळक उदाहरण. तिच्या आवारात आता जेवणाच्या पंगती उठतात.

अशा वास्तूची खूण म्हणजे करवतीच्या दात्यांसारखे छप्पर. दात्याची एक बाजू पत्र्याची वा कौलांची, दुसरी काचेची आणि उत्तरेकडे तोंड केलेली. साच्यावर (म्हणजे मागावर) ऊन न पडता तुटलेला धागा दिसावा, एवढा सारखा उजेड तिथून मिळे. पण ही युक्ती इंग्लंडातल्या लँकेशायरच्या आकाशाची. पुणे साधारण १८.५ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. काच उभी असेल तर निभावते, तिरकी असेल तर ऊन थेट आत. (जूनपासून ढग असतात, म्हणून बरे.) दोन दात्यांमधली पन्हळ मात्र त्याच ढगांमुळे गळते. दुरुस्तीचे पैसे आधी तिथेच घालावेत.

आतले बिडाचे खांब यंत्रांच्या रांगा पाहून रोवलेले असतात, पाहुण्यांच्या सोयीने नव्हे. कताईच्या मजली इमारतीला बाजूने खिडक्या असतात, त्यामुळे तिच्यात खोल्या निघतात. साचेखाते, म्हणजे विणकामाची शेड, एकमजली, ऐसपैस आणि मधोमध खिडकीपासून फार लांब. तिथे भिंती घातल्या तर छपराचा उजेडही तुकड्यातुकड्यांत वाटला जातो. त्याचे दालनच बरे.

कोरड्या हवेत सूत तुटते. पुण्याचा उन्हाळा कोरडा, म्हणून विणकामाच्या शेडमध्ये हवा मुद्दाम दमट ठेवावी लागे. त्या ओलीने लाकडी तुळयांची टोके भिंतीत कुजलेली असू शकतात. गिलावा काढून ती तपासल्याशिवाय वर मजला चढवू नये.