वॉर्डातली चूक आधी टेबलावर होऊ दे: आमच्या पझल पेटीबद्दल

नमस्कार मॅडम, सर, आणि स्टाफरूमच्या टेबलावर हा कागद पडलेला बघून सहज उचललात त्या सगळ्यांना.

आम्ही लालबागचे. चार जणांचं वर्कशॉप आहे, आधी लहान मुलांची लाकडी कोडी नि बोर्ड गेम बनवायचो, आता जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) आणि बीएससी नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी पझल पेट्या बनवतो. फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो, खेळणीवाल्यांचा नि नर्सिंगचा काय संबंध? अहो, संबंध आमच्या आजोबांच्या वेळेपासूनचा आहे. 1911 साली अमेरिकेत हार्टफर्डच्या हॉस्पिटलला नर्सिंग शिकवायला माणसाएवढी बाहुली हवी होती, ती मार्था चेस नावाच्या बाहुल्या बनवणाऱ्या बाईंनी करून दिली, म्हणून बाहुलीचं नावच पडलं मिसेस चेस. सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबून जीव वाचवायचं, ते शिकताना जिच्या छातीवर सगळे दाबतात ती ॲनसुद्धा 1960 साली नॉर्वेच्या आस्मुंड लेर्डाल या खेळणीवाल्यानेच काढली. आणि आपल्याकडची सापशिडी तर मोक्षपट म्हणून ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगतात. तेव्हा आम्ही काही नवीन शोध लावलाय असं नाही, फक्त शिडीच्या जागी ड्रिप आलीय.

पेटीत असतं काय

एक लाकडी पेटी, तिला तीन आकडी कुलूप, आत चार पाकिटं. पाच-सहा जणींचा एक ग्रुप (मुलगे असतील तर तेही आलेच), वेळ 20 मिनिटं. पाकिटातलं कोडं सुटलं की एक आकडा मिळतो, तीन आकडे जुळले की कुलूप उघडतं. चौथं पाकीट कशाला ते खाली सांगतो.

सगळ्यात जास्त आरडाओरडा होतो तो पहिल्या पाकिटातल्या पेशंटवर, बेड नंबर 7 वर. खुब्याच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस, आजोबा बोलतायत, ओळखतायत, फक्त "जरा बरं वाटत नाही" म्हणतायत. टीपीआर चार्ट (ताप, पल्स, श्वास यांची नोंद) दिलेला आहे: श्वास मिनिटाला 24, ऑक्सिजन लावलेला नाही आणि सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, 93 टक्के, पल्स 112, वरचं बीपी 108, ताप 38.4 सेल्सिअस. एकेक आकडा बघितला तर काहीच भयंकर नाही, आणि मुली तेच म्हणतात, ताप आहे थोडा, पॅरासिटामॉल देऊ, पल्स तापामुळे असेल. मग सोबतच्या तक्त्यावर मार्क द्यायला लागतात. तक्ता आहे न्यूजचा, म्हणजे ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनी 2012 ला आणलेला आणि 2017 ला सुधारलेला, पेशंट बिघडतोय का ते आधी ओळखायचा स्कोअर. श्वासाला 2, सॅच्युरेशनला 2, पल्सला 2, बीपीला 1, तापाला 1. बेरीज 8. आणि 7 च्या वर गेलं की नाही, 7 झाले की लगेच, तातडीने डॉक्टरांना बोलवायचं असतं. टेबलावर एकदम शांतता होते ती बघण्यासारखी असते, कारण दोन मिनिटांपूर्वी याच आजोबांना सगळ्यांनी पॅरासिटामॉल देऊन झोपवलेलं असतं.

यातच एक खोडी आम्ही मुद्दाम केलीय. श्वासाचा आकडा चार्टवर आधी 20 छापलाय, आणि खरे 24 हे सोबतच्या पट्टीवर अर्ध्या मिनिटाच्या बारा रेघा मोजल्यावरच कळतात. का, ते तुम्हाला सांगायला नको. पाच पेशंटचं रेस्पिरेशन न मोजता 20 लिहून पुढे जायचं ही सवय कुठून लागते आणि किती लवकर लागते हे आमच्यापेक्षा तुम्हालाच जास्त माहीत. 20 धरला तर त्या खान्याचे मार्क शून्य, बेरीज 6, आकडा चुकीचा आणि कुलूप उघडत नाही, आणि ते न उघडलेलं कुलूप अर्ध्या तासाच्या लेक्चरपेक्षा जास्त बोलतं असं आमचं मत आहे.

दुसरं पाकीट इन्सुलिनचं. आपल्याकडे 40 युनिटची व्हायल (बाटलीत एका एमएलला 40 युनिट) अजून भरपूर चालते, तिची सिरिंज लाल टोपणाची, आणि 100 युनिटची नारिंगी टोपणाची. पेटीत पुठ्ठ्याच्या दोन सिरिंज आहेत, आतली पट्टी सरकते, खरी सुई कुठेही नाही, घाबरू नका. ऑर्डर आहे 20 युनिटची. 40 ची व्हायल आणि हाताला लागली नारिंगी सिरिंज, 20 च्या रेघेपर्यंत भरलं, तर पेशंटला गेले फक्त 8 युनिट. उलटं केलं, म्हणजे 100 ची व्हायल आणि लाल सिरिंज, तर 20 च्या रेघेवर 50 युनिट. पट्टी स्वतःच्या हाताने सरकवून हा 50 बघितलेली मुलगी पुढे टोपणाचा रंग बघितल्याशिवाय सिरिंज उचलत नाही, निदान आम्हाला तरी तसं वाटतं.

तिसरं पाकीट कचऱ्याचं, 2016 च्या नियमांप्रमाणे पिवळं, लाल, पांढरं, निळं. सोपं आहे, पटकन होतं. फक्त सुई चिकटलेली इन्सुलिन सिरिंज प्लास्टिक म्हणून लालमध्ये टाकतात आणि अडकतात, ती पांढऱ्या डब्यात जाते.

आमची चूकही सांगून टाकतो

ड्रिपच्या थेंबांचं कोडं आधी पहिल्या पाकिटात होतं. 500 एमएल, चार तासांत द्यायचं, मिनिटाला किती थेंब. आम्ही उत्तर छापलं 31, कारण आम्ही एक एमएलला 15 थेंब धरले होते, आणि पेटीत जो आयव्ही सेट टाकला त्याच्या पाकिटावर लिहिलेलं 20. म्हणजे उत्तर यायला हवं 42. आम्हाला पत्ताच नाही. एका कॉलेजात डेमोला गेलो तेव्हा सेकंड इयरची एक मुलगी सेटचं पाकीट उलटंसुलटं करून बघत बसली, बाकीच्या ओरडतायत चल ना टाइम जातोय, आणि ही म्हणते "काका, तुमचं कुलूप चुकीचं आहे." खरंच चुकीचं होतं. ट्यूटर मॅडम हसल्या, आम्ही पेट्या टेम्पोत घालून परत आणल्या. पण तेव्हापासून ते कोडं तसंच ठेवलंय, फक्त उत्तर दुरुस्त केलं आणि आता पेटीत कधी 15 चा, कधी 20 चा, कधी 60 थेंबांचा मायक्रो सेट टाकतो. सेटचं पाकीट वाचल्याशिवाय गणित करायचं नाही, हे शिकवायला आमचीच फजिती उपयोगी पडली. हेच आता चौथं पाकीट. त्यातून कुलुपाचा आकडा मिळत नाही, पेटी उघडल्यावरचं ते जादा काम आहे.

खेळ संपल्यावर काय

इथे थोडं स्पष्ट बोलतो, रागावू नका. पेटी उघडली, टाळ्या वाजल्या, ग्रुप फोटो काढला आणि सगळ्या कँटीनला गेल्या, असं होणार असेल तर कृपा करून पेटी घेऊ नका, तेवढ्या पैशात चांगले चार्ट येतील. 20 मिनिटं खेळ असेल तर नंतर निदान तेवढाच वेळ बसून बोलणं पाहिजे. कोणी काय बघितलं, कोणाला शंका आली होती पण ती बोलली नाही, का बोलली नाही. प्रत्येक ग्रुपमध्ये एक हुशार मुलगी सगळं सोडवते आणि एक गावाकडून आलेली, मराठी मिडीयमची, बरोबर उत्तर मनात घेऊन गप्प बसते, हे आम्ही इतक्या वेळा बघितलंय की आता कार्डांवर सूचना मराठीत आहेत, औषधांची आणि इन्स्ट्रुमेंटची नावं वॉर्डात बोलतात तशीच ठेवलीयत, आणि नियमच केलाय की प्रत्येक पाकीट वेगळीने वाचायचं.

बेड 7 झाल्यावर एकीने डॉक्टरांना फोन करायचा, खोटा फोन, पण वाक्यं खरी. आत्ता काय झालंय, आधीचं काय, मला काय वाटतं, तुम्ही काय करावं. एसबार म्हणतात ते. पहिला फोन बहुतेक "सर, पेशंट बरा नाहीये" इथेच संपतो. दुसऱ्यांदा करायला लावा.

आणि जे होत नाही तेही ऐका. पेटीने हात बसत नाही. शीर शोधणं, कॅथेटर घालणं, आजोबांना कुशीवर वळवणं हे मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) आणि वॉर्डातच येतं, क्लिनिकल पोस्टिंगचे तास पेटीत मोजू नका. मार्कही देऊ नका, मार्क आले की मुली चुका लपवायला लागतात आणि मग खेळाला काही अर्थ उरत नाही.

बारीकसारीक

पावसाळ्यात मुंबईत कार्डं वाकतात, म्हणून लॅमिनेट केलीयत, तरी पेटी खिडकीपाशी ठेवू नका. कुलूप पितळेचं आहे, आधीचं स्वस्तातलं एका जुलैत गंजून बसलं. विरार, कल्याण, पनवेलपर्यंत आम्ही स्वतः आणून देतो आणि पहिला खेळ आमच्यासमोर घ्या म्हणतो, कुठे अडतं ते आम्हालाही कळतं. तुमच्या हॉस्पिटलचा स्कोअरचा तक्ता वेगळा असेल तर तो पाठवा, त्याच्यावर बेड 7 नव्याने करून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. हरवलेलं कार्ड मिळतं, हरवलेली आख्खी पेटी मिळत नाही.

आणि हो, प्रत्येक पेटीबरोबर ट्यूटरच्या पाकिटात कुलुपाची एक जादा किल्ली आहे, 20 मिनिटांत उघडलं नाही तर तिने उघडा. मुलींना तिचा पत्ता लागू देऊ नका, एका बॅचने दुसऱ्याच खेळात आधी किल्लीच शोधली होती.