पायात कडं असलेला पक्षी हेर नसतो

थंडीत खाडीकिनारी तुतवार, चिखल्या असे पाहुणे पक्षी उतरले की एखाद्याच्या पायात कडं दिसतं आणि लगेच मोबाईलवर फिरतं: ‘शत्रूचा पक्षी, चिप बसवलीय, पकडून पोलिसांत द्या.’ हा समज साफ चुकीचा आहे, आणि त्यापायी जिवंत पक्षी पिंजऱ्यात सडतात. मुंबईत 2023 साली पकडलेलं एक कबुतर हेर समजून आठ महिने अडकून पडलं. ते निघालं तैवानचं शर्यतीचं कबुतर.

पक्षी-अभ्यासक ओळखीसाठी घालतात त्या कड्यात सहसा चिप नसते, बॅटरी नसते. ती धातूची हलकी पट्टी. तिच्यावर क्रमांक आणि संस्थेचं नाव कोरलेलं असतं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या मुंबईच्या संस्थेच्या कड्यावर तर इंग्रजीत ‘कळवा’ असंच लिहिलेलं असतं. काही पक्ष्यांच्या पायावर रंगीत प्लॅस्टिकचा छोटा झेंडाही असतो, त्यावरची अक्षरं दुर्बिणीतून वाचता येतात. उपग्रहाला संदेश धाडणारं यंत्र ही वेगळी वस्तू. ते बहुधा पाठीवर बांधतात, आणि तेही अभ्यासासाठीच.

म्हणून पकडू नका, पाठलागही करू नका. दूरचा उडून आलेला तो जीव चिखलात पोट भरत असतो. लांबूनच फोटो काढा. झेंड्याचा रंग, अक्षरं, डावा पाय की उजवा (पक्ष्याचा, आपल्या बाजूचा नव्हे), सांध्याच्या वर की खाली, तारीख आणि जागा टिपून सोसायटीला कळवा. अक्षर अर्धवट दिसलं तर अंदाजाने पुरं करू नका, दिसलं तेवढंच लिहा.